डाव्या बाजूचा टिंग

मार्च आला की माझ्या पोटात गोळा येतो. वय सव्वीस, नोकरी बरी, गेल्या कित्येक वर्षांत कुणी माझ्या हातात प्रश्नपत्रिका दिलेली नाही, तरी येतो. बंगलोरच्या राजाजीनगरात आमच्या गल्लीत झाडांना गुलाबी फुलं लागतात, पानं जवळजवळ नसतातच, येणारे-जाणारे मान वर करून बघतात आणि खूश होतात. मला ती फुलं दिसली की आधी हॉल तिकीट आठवतं. शेजारच्या पद्मक्कांची मुलगी सध्या गच्चीवर फेऱ्या मारत केमिस्ट्री घोकते. त्यांच्या टीव्हीवर चादर पडली आहे. पद्मक्का आमच्या दाराशी येऊन दबक्या आवाजात सांगतात, "मिक्सर स्वल्प नंतर लावा हं, पोरगी बसलीय." आईसुद्धा लगेच मान डोलावून कुजबुजत "सरी, सरी" म्हणते. परीक्षा एकटीची, आणि कुजबुजते सगळी गल्ली.

मी मुळातच भित्री. हे मी लाजून सांगत नाही, आहे ते आहे. पालीला भिते, लिफ्टला भिते, टपालाने आलेल्या तपकिरी पाकिटाला भिते. यंदा तर भिणं हेच माझं काम झालंय. शतक संपायला नऊ महिने उरलेत आणि आमच्या ऑफिसात एक मजला भरून माणसं जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा तपासत बसली आहेत. एक जानेवारी उजाडली की जगातले संगणक एकदम बावचळतील, वीज जाईल, विमानं भरकटतील, असं आम्हाला रोज सांगितलं जातं. आम्ही रोज माना डोलावतो आणि पुढची ओळ तपासतो. पण या मार्चमध्ये माझी जी पाचावर धारण बसली ती या कशानेही नाही. ती बसली एका सीडीमुळे.

ब्रिगेड रोडच्या एका बोळात एक दुकान आहे. मी कॉलेजात होते तेव्हा ते रेकॉर्डिंगचं दुकान होतं. आपण कोरी कॅसेट न्यायची, कुठली रेकॉर्ड हवी ते वहीत लिहून यायचं, आठवड्याने कॅसेट भरून मिळायची. दुकानदाराला सगळे अंकल म्हणत, आणि अंकल सगळ्या मुलींना 'मा' म्हणत. आता तिथे कॅसेटी कोपऱ्यात ढकलल्या गेल्यात, समोर सीड्या लागल्यात, आणि काउंटरवर एक यंत्र आहे, हेडफोन लावून आधी ऐकून बघायला. त्या शनिवारी दुपारी मी सहज आत शिरले तर समोरच तो अल्बम. काळं मुखपृष्ठ, मधोमध पांढरी वाकडीतिकडी रेघ. आठ वर्षांनी दिसला. कोपऱ्यात एक चिकटपट्टी होती: डिजिटली रीमास्टर्ड. एखादी शाळेतली मैत्रीण अचानक भेटावी आणि तिने दात सरळ करून घेतलेले असावेत, तसं वाटलं मला.

तो न्यू वेव्हचा जमाना खरं तर माझा नव्हेच. ते बँड इंग्लंडात वाजत होते तेव्हा मी पाटीवर मुळाक्षरं गिरवत होते. आमच्यापर्यंत सगळं दहा वर्षं उशिरा यायचं, तेही कॅसेटच्या कॉपीची कॉपी होऊन. पण बारावीच्या त्या मार्चमध्ये मला दुसरं काही ऐकवत नव्हतं. बारीक, कोरडी गिटार. माणसाच्या ऐवजी यंत्राने वाजवलेला ढोल, जरासुद्धा न चुकणारा. आणि गाणारा असा गायचा, की रिकाम्या हॉलमध्ये कुणी शुद्धलेखन घालतंय. मला त्याचे अर्धे शब्द कळत नव्हते. एवढं मात्र कळायचं की हा माणूस घाबरलेला आहे, भयंकर घाबरलेला आहे, आणि तरी पाय ठेक्यावर हलतोय. मला तेवढंच हवं होतं. आईच्या मते ते गाणं नव्हतंच. "गिरणी चालल्यासारखं काय ऐकतीस ग?" असं ती म्हणायची, म्हणून स्पीकरवर ते आमच्या घरात कधी वाजलंच नाही. फक्त हेडफोनवर, फिजिक्सचं पुस्तक मांडीवर घेऊन.

आणि हेडफोन घालायचे ते L आणि R बघून. ही अप्पांची शिस्त. अप्पा म्हणजे माझे वडील. विसाव्या वर्षी बेळगावहून बंगलोरला कारखान्यात आले, हत्यारं घडवायच्या टूलरूममध्ये लागले आणि टूलरूमचेच झाले. वस्तूवर काही लिहिलेलं असेल तर ते वाचावं, उगीच कुणी छापत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या घरात सेलसुद्धा कधी कुणी उलटा घातला नाही, आणि मी हेडफोन कधी उलटे घातले नाहीत. एकदा जरी चुकून घातले असते तर पुढचं काही झालं नसतं.

अप्पांचं काम ग्राइंडिंगचं. दगडाचं चाक गरगर फिरत असतं, खाली लोखंडाचा तुकडा बांधलेला असतो, आणि चाक केसाकेसाने खाली आणायचं. चाक लोखंडाला ज्या क्षणी टेकतं त्या क्षणाला ते 'टच' म्हणतात. ठिणगी दिसायच्या आधी एक बारीक आवाज येतो, तो कानाने पकडायचा. पकडला तर काम आरशासारखं होतं. नाही पकडला तर चाक लोखंडात घुसतं, आणि घुसलेलं चाक फुटू शकतं. फुटलेल्या चाकाचे तुकडे समोर उभ्या माणसाकडेच येतात. हे सगळं अप्पांनी मला लहानपणी अगदी मजेत, हातवारे करून सांगितलं होतं. आईलाही तेव्हाच कळलं असणार, कारण त्यानंतर ती पहिल्या पाळीला निघालेल्या अप्पांना कधीही पाठमोरं सोडायची नाही. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत फाटकात उभी राहायची.

त्या मार्चमध्ये एके दुपारी आमच्या घरात डाळ करपली. आई पद्मक्कांकडे गेली होती, मी आतल्या खोलीत दार लावून, हेडफोन घालून बसले होते, आणि अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. आई धुराच्या वासाने धावत आली. "अहो, शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, कुकर बोंबलायलाय, शेजारच्या घरात ऐकू आलं मला! आणि तुम्ही हाताच्या अंतरावर बसलाय!" अप्पा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "कुठल्या शिट्ट्या?"

करपलेला कुकर आईने तसाच नळाखाली ठेवला आणि माझ्या खोलीत येऊन कॉटच्या कडेला बसली. "यांना ऐकू येईना झालंय ग," ती म्हणाली. "आणि हे रोज त्या चाकासमोर उभं राहत्यात." मला ते फुटलेलं चाक दिसलं, त्याचे तुकडे दिसले, अप्पांचा चष्मा दिसला. कारखान्यात वर्षातून एकदा कान तपासायचे, ती तपासणी पुढच्याच महिन्यात होती. कानावर हेडफोन चढवतात, आवाज आला की बोट वर करायचं. त्यात नापास झालं तर माणसाला मशीनवरून काढून कुठेतरी बसवतात. अप्पांना त्याची धास्ती, आईला चाकाची, आणि मला दोन्हींची. डॉक्टरकडे जाऊया म्हटलं तर अप्पा उखडले. "कारखान्यात बातमी जायला किती वेळ लागतोय? माझा कान ठणठणीत आहे."

आई मला म्हणाली, "तूच घे की त्यांची परीक्षा."

परीक्षेच्या दिवसांत डोक्यात दुसरं काय असणार? मी घेतली. नुसती घेतली नाही, रीतसर घेतली. माझ्याकडे हेडफोन होते आणि एक कॅसेट होती जिचा कण न् कण मला पाठ होता. आमच्या टू-इन-वनवर तीन आकड्यांचा काउंटर होता, टेप पुढे सरकेल तसे आकडे फिरायचे. मी त्या कॅसेटमधले दहा आवाज निवडले, काही जाडे, काही बारीक, आणि एका ताव कागदावर उत्तरपत्रिका तयार केली: कुठल्या आकड्याला कुठला आवाज. हे करताना मला फार बरं वाटलं होतं, कबूल करते. आयुष्यात पहिल्यांदा उत्तरं माझ्याकडे होती आणि पेपर दुसरं कुणीतरी देत होतं.

अप्पा साडेतीनला पाळी संपवून आले, चहा प्यायले आणि निमूट कॉटवर बसले. मी त्यांच्या कानावर हेडफोन चढवले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "आवाज आला की बोट वर करायचं, अप्पा. अंदाजाने करायचं नाही." त्यांनी मान हलवली. त्या घटकेला ते मला एवढेसे दिसले. आई दारात पदराची गाठ करत उभी होती.

सहा आवाजांना त्यांनी बोट वर केलं. चार आवाज निघून गेले, ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. आणि दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात त्यांनी भलतंच केलं. गाणारा सुरू व्हायच्या आधी काही वेळ नुसता तो यंत्राचा ढोल टिकटिकतो. माझ्या कागदावर तिथे काहीच नव्हतं. अप्पांनी बोट वर केलं. थोड्या वेळाने पुन्हा. आणि मग पुन्हा. तीनदा. मला त्यांची इतकी कीव आली. म्हटलं, बिचारे अंदाजाने ठोकून देतायत.

मी टेप थांबवली. "अप्पा, इथे काही नाहीये."

"आहे की. डाव्या बाजूला टिंग वाजायलंय. बारीक आहे, पण आहे."

"मी शंभर वेळा ऐकलंय हे."

"मग एकदा आणि ऐक."

मी टेप मागे घेतली, हेडफोन घातले, L डावीकडे, R उजवीकडे, डोळे मिटून ऐकलं. ढोल. फक्त ढोल. "काही नाही," मी म्हणाले. अप्पा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, पकडले गेले म्हणून ओशाळलेत. मग त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली आणि म्हणाले, "बरं. नसेल."

चार चुकले आणि तीन भलतीकडे, अशा सात चुका मी कागदावर लाल पेनने मांडल्या. अप्पांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःहून अर्ज केला आणि ते स्टोअरमध्ये गेले. नटबोल्ट, पट्टे, ग्रीसचे डबे. तिथे ऐकायला काही लागत नाही. आईचा जीव भांड्यात पडला. ती अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोरीनं वेळेवर ओळखलं म्हणून वाचलो. आणि मी, खोटं कशाला बोलू, आठ वर्षं तो मोठेपणा मिरवला. कॅसेट मात्र पुन्हा लावली नाही. त्या गाण्यांत आता मला अप्पांचे लाल कान दिसायचे. ती ट्रंकेत गेली.

तर त्या शनिवारी मी अंकलच्या काउंटरवर उभी राहिले आणि हेडफोन चढवले. अक्षरं पुसून गेली होती, वायरीचा गुंता होता, कसेतरी चढवले. थेट ते अप्पांच्या तीन चुकांचं गाणंच लावलं. जिथे दुखतं तिथेच हात जातो माणसाचा. पहिला धक्का स्वच्छतेचा बसला. कॅसेटमध्ये जी सततची खरखर होती, जिला मी गाण्याचाच भाग समजत होते, ती गायब. ढोल टिकटिकू लागला, जवळ, अगदी माझ्या कपाळात. आणि मग उजव्या कानात कुणीतरी स्टीलच्या पेल्यावर नखाने हलकेच मारलं.

टिंग.

मी दचकून हेडफोन काढले. आजूबाजूला बघितलं. पुन्हा लावलं. ढोल, ढोल, टिंग. थोड्या वेळाने टिंग. आणि मग तिसरा. बरोबर त्याच जागी, जिथे अप्पांचं बोट वर गेलं होतं.

"अंकल, हे यांनी नवीन घातलंय का? रीमास्टर करताना?"

अंकलनी हेडफोनचा एक कान आपल्या कानाला लावून ऐकलं. "इल्ला मा. नवीन नाही, हे पहिल्यापासून आहे. माझ्या रेकॉर्डवर पण आहे. डाव्या बाजूला." मग ते हसले. "तू उलटे घातलेस. इकडून घाल." त्यांनी हेडफोन फिरवून माझ्या हातात दिले. मी घातले. ढोल वाजला. गाणारा आला. मधे काहीच नव्हतं. मी पुन्हा उलटे घातले. टिंग. सुलटे. काही नाही. मी तिथे किती वेळा हेडफोन फिरवले असतील कोण जाणे. अंकलनी हसायचं थांबवलं आणि मला स्टूल दिलं.

एम. जी. रोडवरून मी तशीच चालत सुटले. एकदा उजवा कान दाबायचा, एकदा डावा. उजवा दाबला की रस्ता एकदम लांब जायचा, रिक्षा गोधडीखालून गेल्यासारख्या जायच्या, बायकांच्या बोलण्यातले काठ नाहीसे व्हायचे. जाडे आवाज होते. बारीक सगळे गेलेले. लोक माझ्याकडे बघत होते, बघू देत. मला एकेक गोष्ट आठवायला लागली. फोन मी नेहमी उजव्याच कानाला का लावते? मीटिंगमध्ये आधी जाऊन टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची का पकडते? मला वाटायचं ती माझी सवय आहे. कॉलेजात एका मुलीने वर्षभर माझ्याशी अबोला धरला होता, मी तिला बसमध्ये उत्तर दिलं नाही म्हणून. मला वाटायचं तीच नाटकी. ऑफिसच्या महादेवपुऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या डावीकडे बसणारी नागपूरची सहकारी रोज पुस्तक उघडते. मला वाटायचं तिला वाचनाची आवड आहे.

रीमास्टर म्हणजे काय, हे मी मागे कुठेतरी वाचलं होतं. मूळ टेप तिजोरीतून काढतात, तिच्यावरची धूळ पुसतात, दबलेले आवाज वर घेतात. नवीन काही घालत नाहीत. तेव्हा ते वाक्य मला गोड वाटलं होतं. त्या दुपारी तेच वाक्य नकोसं झालं. म्हणजे जे होतं ते होतंच. माझ्याच घरात, माझ्याच कॅसेटमध्ये, माझ्या कानाला चिकटून वाजत होतं, आणि मी शपथेवर सांगत होते की नाही. मग असं आणखी काय काय माझ्या डावीकडून निघून गेलं असेल? कुणी हाक मारली असेल, कुणी काही कबूल केलं असेल, कुणी जपून जा म्हटलं असेल. ते कुठल्या तिजोरीत ठेवलंय? आणि या सगळ्यापेक्षा मोठी भीती वेगळीच होती, तिच्याकडे मी बघतच नव्हते. मी एका माणसाला खोटं ठरवलं होतं. तो खरं बोलत होता. माझ्या कागदावर विसंबून त्याने आपलं मशीन सोडलं होतं.

घरी पोचले तेव्हा अप्पा मागच्या पायरीवर बसून पद्मक्कांची विळी दगडावर घासत होते. गल्लीतल्या सगळ्या विळ्या-कात्र्या हल्ली त्यांच्याकडे येतात. मी समोर उभी राहिले. "अप्पा, तो टिंग होता. डाव्या बाजूला होता. तीनदा होता."

विळी थांबली. त्यांनी विचारलं नाही की कुठला टिंग. आठ वर्षांनंतर माणूस निदान विचारेल तरी. त्यांनी विळी पाण्यात धुतली, पंच्याने पुसली, पातं आत वळवून बाजूला ठेवली.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

"ठाऊक आहे म्हणजे?"

"तू डोळे मिटून ऐकलीस आणि नाही म्हणालीस, तेव्हाच कळलं. पण म्हटलं, बघूया. दुसऱ्या दिवशी तू जेवत होतीस, तवा मी मागं उभा राहून तुझ्या डाव्या कानाशी माझं घड्याळ धरलं. तू भात कालवायलीस. मग उजवीकडं धरलं. लगेच म्हणालीस, अप्पा, घड्याळ काय नाचवताय?"

मला ते आठवत नाही. अजिबात नाही. "आणि तुम्ही गप्प बसलात? आठ वर्षं?" माझा आवाज चढला. गच्चीवरची केमिस्ट्री बंद पडली. "मी तुम्हाला नापास केलं! तुमचं मशीन गेलं माझ्यामुळे!"

"तसं नाही ग. सात चुकांतल्या चार माझ्याच होत्या की. त्या कुकरच्या शिट्टीसारख्या चार जागी मला खरंच काही आलं नव्हतं. चाकाची भीती मलाही होती, तू सांगितलीस आणि मी सुटलो. चार माझ्या. तीन तेवढ्या तुझ्या."

"मग माझ्या तीन मला का नाही सांगितल्या?"

अप्पा हाताकडे बघत होते. "भ्यालो," ते म्हणाले. "आठ दिवसांवर तुझा पेपर होता. म्हटलं, पेपर होऊ दे. मग म्हटलं, रिझल्ट लागू दे. मग कॉलेज. मग तुझी आई स्थळांचं बोलायला लागली. पोरीच्या कानात दोष आहे असं एकाला कळलं की पार बेळगावपर्यंत जातंय. दर खेपेला म्हणायचो, एवढं होऊ दे, मग सांगू. मग सांगायचीच भीती वाटायला लागली."

माझा संताप झाला होता. खरंच झाला होता. डॉक्टरकडे आठ वर्षं आधी गेले असते तर काही वाचलं असतं का, हा प्रश्न विचारायचीही मला भीती वाटत होती, कारण हो असं उत्तर आलं तर मी अप्पांकडे पुन्हा कशी बघणार? एवढ्यात आई डाव हातात घेऊन दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. "म्हणून ही हाक मारली की ओ देत नव्हती होय?" ती म्हणाली. "आणि मी हिला उर्मट समजायले इतकी वर्षं." आणि ती तिथेच, डावासकट, रडायला लागली. मग आम्ही तिघंही काही वेळ एकमेकांना ओरडत राहिलो. आमच्या घरात भीतीला दुसरी वाट माहीत नाही.

सोमवारी मी रजा टाकली. अप्पा म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, नको. ते चपला घालून फाटकात उभेच होते.

कानाच्या डॉक्टरांकडे एक काचेच्या खिडकीची खोली होती, कपाटाएवढी, भिंतींना जाड गादी. आत गेल्यावर दार लावलं आणि बंगलोर बंद झालं. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. स्वतःचा श्वास, आवंढा, आणि छातीत धडधड. बाहेर तपासणारी मुलगी मशीनपुढे मान खाली घालून बसली होती, आवाज कधी सोडते ते मला कळू नये म्हणून. तिच्या खुर्चीमागे अप्पा उभे होते, माझी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. आधी उजवा कान. टूं, बोट. टूं, बोट. पटापट. मला शाळेसारखं वाटलं, हुशार मुलीसारखं.

मग डावा. पहिले दोन जाडे आवाज आले. त्यानंतर काहीच येईना.

मी वाट बघितली. हात वर करावा का, असं मनात आलं. कुणाला कळणार होतं? एवढ्यात माझी नजर काचेबाहेर गेली. त्या मशीनवर एक छोटा लाल दिवा होता. मुलीने बटण दाबलं की तो लागत असणार. मला इथून तो नीट दिसत नव्हता. अप्पांना दिसत होता. त्यांनी पर्स एका हातात घेतली होती, आणि दुसऱ्या हाताचं बोट, त्या मुलीच्या पाठीमागे, कुणाच्या ध्यानात येणार नाही एवढंच, वर झालं होतं. मग खाली आलं. मग पुन्हा वर झालं. डोळे माझ्यावर रोखलेले: कर, कर की ग.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. अप्पांचं बोट वर गेलं. माझ्या कानात काहीच नव्हतं. ते बोट खाली यायला तयार नव्हतं.